मिरजेत स्वस्त हलाल लॉज घेताना

मिरजेत उतरलात की स्टेशनच्या बाहेर लॉजच्या पाट्या दिसतील. पाटीवर ‘हलाल’ लिहिलंय म्हणून लगेच बॅग वर नेऊ नका. बऱ्याच ठिकाणी खोल्या एकाच्या आणि खालचं हॉटेल दुसऱ्याचं असतं, त्यामुळे काउंटरवरचा माणूस जेवणाबद्दल ठाम सांगू शकत नाही. सरळ भटारखान्यात डोकावून विचारा, "मामू, मटण कुणाकडून येतं?" नुसतं "हलाल आहे ना?" विचारलं तर सगळेच "हो" म्हणतात. ज्याला खाटकाचं दुकान पटकन सांगता येतं, त्याच्यावर मी विश्वास ठेवतो. भिंतीवरचा चौदा आकडी परवाना अन्नसुरक्षेचा असतो, त्यावरून हलाल ठरत नाही. त्याच इमारतीत परमिट रूम आहे का, तेही आधीच बघा. बायका-मुलं सोबत असली तर हे फार महत्त्वाचं. आणि खात्री पटलीच नाही, तर जवळच्या शाकाहारी खानावळीत भाकरी-आमटी खावी, जीव शांत राहतो.

खोली बघताना मोरीत नळाखाली तांब्या किंवा मग आहे का पाहा, वुजूला, म्हणजे नमाजाआधी हात-तोंड-पाय धुवायला, तो कामाला येतो. किब्ला, म्हणजे नमाजाची दिशा, इथून पश्चिमेला, जराशी उत्तरेकडे. चेक-आउट चोवीस तासांचं की दुपारी बाराचं, हे पैसे देण्याआधी विचारा. रात्री अकराला आलेल्याला यात अर्ध्या दिवसाचा फरक पडतो.

मीरासाहेब दर्ग्याच्या उरुसात मात्र आधी फोन करूनच निघा. एरवीही दवाखान्यांत आलेल्या पेशंटच्या नातेवाइकांनी स्वस्त खोल्या लवकर भरतात.