जुनी अ‍ॅम्बेसेडर सारखी बंद पडते? या चुका टाळा

गाडी बंद पडली की बॉनेट उघडायचं आणि पहिला हात कार्ब्युरेटरच्या (पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागाच्या) स्क्रूला लावायचा, ही आपली सर्वांत महाग पडणारी सवय. मीही तेच केलं. गोव्याहून परतताना चोर्ला घाट चढून आलं की कणकुंबीच्या आसपास माझी अ‍ॅम्बेसेडर बंद पडायची आणि अर्ध्या तासाने आपसूक चालू व्हायची. दोनदा कार्ब्युरेटर धुऊन घेतला, इंजिनला पेट्रोल पुरवणाऱ्या पंपाचं किट बदललं. दुखणं तसंच.

शेवटी बेळगावच्या उद्यमबागेतले एक म्हातारे मेस्त्री म्हणाले, "थंडगार गाडी आणलासा तर आजार दिसंल कसा? बंद पडू दे, मग बघू." गाडी तासभर फिरवली. बंद पडली तशी त्यांनी डिस्ट्रिब्युटरची (प्लगांना पाळीपाळीने करंट वाटणाऱ्या भागाची) कॅप काढली आणि पोराला स्टार्टर मारायला सांगितलं. आतल्या पॉइंटच्या, म्हणजे सतत उघडझाप करणाऱ्या स्विचच्या, फटीत टपोरी ठिणगी उडत होती, प्लगला मात्र करंट नावालाच. करंगळीच्या पेराएवढा कंडेन्सर गरम झाला की दगा देत होता. पॉइंट उघडताना कॉइलचा (ठिणगीसाठी दाब वाढवणाऱ्या तारेच्या गुंडाळीचा) प्रवाह झटक्यात तुटावा लागतो, तरच प्लगपर्यंत जोरदार ठिणगी पोचते. त्याला कंडेन्सर मदत करतो; तो गेला की सगळा जोर पॉइंटवरच जळून जातो. नवा कंडेन्सरही कधी कधी खराब निघतो, म्हणून चालू असलेला जुना फेकू नका, डिकीत ठेवा.

तेव्हा गाडी बंद कशी पडली, ते आधी आठवा. स्विच बंद केल्यासारखी गपकन थांबली, तर करंटकडे बघा. आचके देत, रेस दिल्यावर दम सोडत थांबली, तर पेट्रोलकडे. रस्त्यावर छान चालते आणि फक्त सिग्नलला बंद पडते, तर स्लो जेटमधला (कमी वेगात पेट्रोल सोडणाऱ्या बारीक भोकातला) कचरा किंवा कार्ब्युरेटरखालच्या गॅस्केटमधून आत शिरणारी हवा तपासा.

पॉइंटची फट नजरेच्या अंदाजाने लावू नका. लुकास कंपनीच्या डिस्ट्रिब्युटरला ०.३५ ते ०.४० मिमी लागते. फट मोजायच्या पातळ पट्ट्यांचा फिलर गेज स्वस्तात मिळतो.

टाकीचं झाकण तर कुणाच्या ध्यानातच येत नाही. माझ्या एका मित्राची गाडी निपाणीकडे जाताना दरवेळी हत्तरगी ओलांडली की बंद पडायची. झाकण उघडलं, तर फुस्स करून हवा आत गेली आणि गाडी लगेच चालू झाली. हरवलेल्या झाकणाच्या जागी त्याने दुसऱ्या गाडीचं, हवेचं भोक नसलेलं झाकण बसवलं होतं. पेट्रोल कमी होईल तशी टाकीत पोकळी होते आणि पंपाला पेट्रोल ओढता येत नाही.

उन्हाळ्यात पंप तापून नळीतच पेट्रोलची वाफ होते. ओलं फडकं गुंडाळल्यावर गाडी चालू झाली, तर दोष तिथेच आहे असं समजा. नळी एक्झॉस्टपासून लांब वळवून घ्या, फडक्यावर दिवस काढू नका.

आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं आणि जुन्या रबराला ते सोसत नाही. नळ्या व पंपाचा डायफ्राम (आतला लवचीक पडदा) इथेनॉलला टिकणारे घ्या. आणि एका वेळी एकच वस्तू बदला, नाहीतर गुण कशाने आला ते कळत नाही. नव्या फिल्टरमध्ये आठवडाभरात तांबूस गाळ दिसला, तर फिल्टर बदलत बसू नका. टाकी उतरवून आतून साफ करून घ्या.