शिडाच्या होडीतून किनारी सफर: हवा फिरण्याआधी या चुका टाळा

किनाऱ्याकिनाऱ्यानं शिडाची होडी नेणारा माणूस वादळामुळे फारसा अडचणीत येत नाही. वादळाचा इशारा आला की होड्या बंदरातच थांबतात. घोटाळा होतो तो साध्या, चंचल हवेच्या दिवशी: सकाळी वारा मंद, दुपारी जोरात, संध्याकाळी दिशाच फिरलेली. अशा दिवशी होडीवर काही बिघडलं की मागे जाऊन पाहावं. बहुतेक वेळा सापडतं ते असं, की तासाभरापूर्वी दहा मिनिटांत उरकलं असतं ते काम ‘बघू थोड्या वेळानं’ म्हणून राहून गेलेलं असतं.

अंदाजातला आकडा जसाच्या तसा धरणं

हवामानाच्या अंदाजात वाऱ्याचा वेग १५ नॉट (एक नॉट म्हणजे ताशी साधारण १.८५ किलोमीटर) लिहिलेला असतो, ती सरासरी असते. झोत त्याहून ४० टक्क्यांपर्यंत जास्त असू शकतो, म्हणजे २१ नॉट. आता वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे १५ चे २१ झाले की शिडावरचा जोर जवळजवळ दुप्पट होतो. लाटांचंही तसंच. अंदाजातली उंची ही सगळ्यात उंच अशा एक तृतीयांश लाटांची सरासरी असते. दीड मीटर लिहिलं असेल तर अधूनमधून एखादी तीन मीटरची लाट येणारच.

शिवाय भूशिराच्या टोकाला वळसा घालताना वारा एकवटतो आणि तिथे तो मोकळ्या समुद्रापेक्षा जोरात लागतो. टोक येण्याआधीच तयारी हवी. आणि एकच अंदाज पाहू नका. निघण्याच्या दोन-तीन दिवस आधीपासून रोज पाहा. दर वेळी तो बदलत असेल, तर हवेचं अजून काही ठरलेलं नाही असं समजून जवळचंच बंदर गाठायचा बेत ठेवा.

वारा पाठीशी आहे म्हणून निर्धास्त होणं

मला सगळ्यात धोक्याची वाटते ती ही चूक, कारण ती करत असताना फार बरं वाटत असतं. वारा मागून १६ नॉटचा, होडीचा वेग ६ नॉट. अंगाला लागतो फक्त १० नॉटचा वारा. ऊन छान, होडी सरळ, सगळे खुशीत. मग काही कारणानं परतावं लागतं, किंवा कुणाची टोपी पडते, किंवा त्याहून वाईट म्हणजे माणूस पडतो. होडी वळवून वाऱ्याविरुद्ध तिरकी ५ नॉटनं चालवली की तोच वारा २० नॉटचा लागतो. वारा तसूभरही वाढलेला नसताना शिडावरचा दाब चौपट झालेला असतो, आणि शीड मात्र पूर्ण उभारलेलं.

म्हणून वारा पाठीशी असताना अंगाला काय जाणवतं यावर जाऊ नका. दर अर्ध्या तासानं मागे वळून पाणी पाहा. समुद्राच्या रूपावरून वाऱ्याचा जोर ठरवणाऱ्या ब्यूफर्ट मापात ४ म्हणजे ११ ते १६ नॉट. तेव्हा लाटांवर जागोजागी पांढरा फेस दिसू लागतो. ५ म्हणजे १७ ते २१ नॉट. तेव्हा समुद्रभर फेसच फेस. हे माप १८०५ साली फ्रान्सिस ब्यूफर्ट यांनी मांडलं, आणि उपकरण बंद पडलं तरी ते आजही तितकंच उपयोगी आहे. स्वतःला एकच प्रश्न विचारत राहा: आत्ता वळावं लागलं तर एवढं शीड पेलेल का? उत्तर ‘नाही’ असेल तर आत्ताच कमी करा.

याच स्थितीत दुसरा धोका बूमचा, म्हणजे मोठ्या शिडाच्या खालच्या कडेला असलेल्या आडव्या दांड्याचा. सुकाणू जरा चुकलं की वारा शिडाच्या मागून शिरतो आणि बूम एका फटक्यात या कडेहून त्या कडेला जातो. डोक्याला लागला तर जीव जाऊ शकतो. बूम बाहेर काढला की दोरानं पुढच्या बाजूला बांधून टाका.

रीफ उशिरा घेणं

रीफ घेणं म्हणजे शिडाचा काही भाग गुंडाळून ते लहान करणं. ते कधी करायचं हे होडी स्वतःच सांगत असते. सुकाणू जड लागतं, पुढचं टोक सारखं वाऱ्याकडे ओढ घेतं, कल २०-२५ अंशांच्या पुढे जातो. हे दिसलं की आधी मोठ्या शिडाचा दोर सैल सोडा. श्वास घ्यायला उसंत मिळते. मग रीफ घ्या. वेग कमी होईल ही भीती खोटी ठरते. कललेली होडी पाण्याशी झगडत असते. शीड कमी केलं की ती सरळ उभी राहते आणि बहुतेक वेळा तितक्याच वेगानं जाते.

रीफ अडकलं तर ताकद लावू नका. शिडात अजून वारा भरलेला आहे का, शीड वर ओढणारा दोर पुरेसा सोडला आहे का, हे दोन्ही पाहा. कारण बहुधा तिथेच असतं. बंदरात, शांत हवेत, अंधारात एकदा तरी हा सराव करा.

बॅरोमीटर फक्त भिंतीवर असणं

बॅरोमीटर हवेचा दाब दाखवतो. एका वेळच्या आकड्यावरून फारसं कळत नाही, तो कसा बदलतोय यावरून कळतं. दर तासाला वहीत लिहा. तीन तासांत ६ हेक्टोपास्कलपेक्षा (हवेच्या दाबाचं एकक) जास्त घसरण म्हणजे आसरा गाठायची वेळ. गडगडाटी ढग दिसला तर वीज चमकल्यापासून आवाज येईपर्यंतचे सेकंद मोजा. तीन सेकंद म्हणजे साधारण एक किलोमीटर. पाऊस पोचायच्या आधी ढगाखालून थंड हवेचा झोत येतो. अचानक गारवा जाणवला की शीड उतरवायला मिनिटंच उरलेली असतात.

ओहोटी आणि खाडीचं तोंड

वारा आणि प्रवाह एकाच दिशेनं असले की समुद्र सौम्य वाटतो. ओहोटी लागून प्रवाह उलटला की त्याच वाऱ्यात लाटा आखूड आणि उभ्या होतात. वाळूचा दांडा असलेल्या खाडीच्या तोंडाशी, दुरून येणाऱ्या लांब लाटांना ओहोटीचं पाणी भिडलं की त्या फुटतात. समुद्राकडून येणाऱ्याला हे दिसतच नाही, कारण त्याच्यासमोर लाटांच्या पाठी असतात आणि त्या गुळगुळीत दिसतात. फसगत होते ती इथे. शिरायचं तर भरतीच्या उत्तरार्धात शिरा. खात्री नसेल तर बाहेर खोल पाण्यात थांबा. रात्र बाहेर काढावी लागली तरी चालेल.

किनारा जवळ आहे म्हणून दिलासा वाटणं स्वाभाविक आहे, पण वारा होडीला किनाऱ्याकडे ढकलत असेल तर जवळीक हाच धोका. अशा वेळी आधी अंतर वाढवा.

इंजिनावर भिस्त

होडी जोरात हलली की टाकीच्या तळाचा गाळ ढवळतो, डिझेलचा फिल्टर तुंबतो आणि इंजिन नेमकं बंदराच्या तोंडाशी बंद पडतं. निघण्याआधी फिल्टर बदला, एक जादा ठेवा. इंजिन सुरू करण्यापूर्वी एकही दोर पाण्यात लोंबत नाही ना, हे पाहा. आत शिरताना नांगर मोकळा, सोडायला तयार.

घाईनं होडी सोडणं

१९७९ च्या फास्टनेट या शिडाच्या होड्यांच्या शर्यतीत १५ खलाशी मृत्युमुखी पडले. वादळात २४ होड्या सोडून दिल्या गेल्या, त्यांतल्या १९ नंतर तरंगत सापडल्या. होडी खरोखर बुडत नसेल तोवर तिच्यावरच राहा. व्हीएचएफ या होडीवरच्या रेडिओच्या १६ नंबरच्या चॅनेलवर मदत मागा.

आजच्या वाऱ्याला नांगर टाकणं

आत्ता पाणी ४ मीटर, होडीचं पुढचं टोक पाण्यापासून १ मीटर वर, भरतीनं आणखी ३ मीटर चढणार: हिशेब ८ मीटरचा. साखळी त्याच्या पाचपट, म्हणजे ४० मीटर. नुसते ४ मीटर धरून २० मीटर सोडली, तर भरतीला ती अडीच पटच उरते आणि नांगर उपटतो. साखळीऐवजी दोर असेल तर सातपट तरी हवा.

जागा निवडताना रात्री वारा कुठे फिरणार ते पाहा. संध्याकाळचा आडोसा पहाटे उघडा पडतो, आणि मग काळोखात खडकांमधून निघावं लागतं. त्यासाठी बाहेर पडताना होकायंत्रावर धरायची दिशा उजेड असतानाच वहीत लिहून ठेवा.