भूकंपानंतर चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या) घराची तपासणी आणि दुरुस्ती

कोयनेच्या बाजूने धक्का बसला की चिपळूण-संगमेश्वरच्या पट्ट्यात पहिला फोन गवंड्याला जातो, आणि गणपती तोंडावर असतील तर तो दोन दिवसांत तड्यांवर सिमेंट थापून, रंगाचा हात मारून मोकळा होतो. असे होऊ देऊ नये, कारण भिंत कुठे आणि कोणत्या दिशेने हलली याचा घरात असलेला एकमेव पुरावा त्या सिमेंटखाली नाहीसा होतो.

पाहणी बाहेरून सुरू करावी. आढ्यापर्यंत चढलेली त्रिकोणी भिंत सर्वांत आधी सुटते, म्हणून तिला ओळंबा लावावा. ती बाहेर झुकलेली किंवा कौले सरकलेली दिसल्यास टेकू दिल्याशिवाय माजघरात पाऊल टाकू नये. मग प्रत्येक भिंतीचे वेगळे चित्र काढून त्यावर तडे जसेच्या तसे उतरवावेत आणि त्यांची रुंदी लिहावी. खिडकीच्या कोपऱ्यातून निघालेला तिरका तडा भिंत तिच्या लांबीच्या दिशेने ढकलली गेल्याचे सांगतो. दोन भिंती मिळतात तिथला उभा तडा मात्र त्या एकमेकींपासून सुटू लागल्याचे दाखवतो, आणि माझ्या मते तोच अधिक धोक्याचा असतो. ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपात कोयना धरणाच्या उंच भागांना तडे गेले, तेही पाण्याच्या विरुद्ध बाजूचा उतार जिथे एकदम बदलतो त्या पातळीच्या आसपास. घरातही आकार जिथे अचानक बदलतो, तिथेच आधी पाहावे.

तडा अजून वाढतो आहे का, हे पाहण्यासाठी काचेची पातळ पट्टी त्यावर आडवी ठेवून दोन्ही टोके सिमेंटने चिकटवावीत आणि शेजारी तारीख लिहावी. काच तडकली, तर दुरुस्ती थांबवून पाया आणि त्याखालची माती तपासावी.

साधारण पाच मिलिमीटरपर्यंतचे तडे साफ करून, पाण्याने भिजवून, सिमेंटच्या ग्राउटने, म्हणजे फटीत ओतता येईल अशा पातळ मिश्रणाने, भरता येतात. त्याहून रुंद तड्यांपाशी सुटलेले चिरे काढून, सांधमोड सांभाळून, म्हणजे एका थराचा उभा सांधा वरच्या थराच्या सांध्याखाली येऊ न देता, नव्याने बसवावे लागतात. पण तडे भरल्याने घर फार तर भूकंपापूर्वी होते तेवढेच मजबूत होते. किल्लारीत १९९३ च्या भूकंपात मातीत रचलेल्या जाडजूड दगडी भिंतींचे आतले आणि बाहेरचे थर एकमेकांपासून सुटून कोसळले. भिंतीची जाडी आपल्याला वाचवील हा समज कोकणातल्या जुन्या घरांतही आहे आणि तो चुकीचा आहे.

खरा उपयोग घराभोवती बांधलेल्या पट्ट्याचा. आयएस १३९३५ या भारतीय मानकात दगड-विटांच्या इमारतींसाठी ही पद्धत दिलेली आहे. दारे-खिडक्यांच्या लिंटेलच्या (वरच्या आडव्या तुळईच्या) लगेच वर, आतून आणि बाहेरून, सुमारे फूटभर रुंदीत गिलावा काढावा, चिऱ्यांच्या दर्जा (मधले सांधे) खरवडाव्यात आणि गॅल्व्हनाइज्ड वेल्डमेश, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेली तारांची जाळी, बसवावी. ती कोपऱ्यावर तोडू नये, वळवून पुढच्या भिंतीवर न्यावी, कारण कोपऱ्यावर तुटलेला पट्टा जवळजवळ निरुपयोगी ठरतो. दोन्ही बाजूंच्या जाळ्या दर्जांमधून आरपार काढलेल्या तारांनी एकमेकींना बांधाव्यात आणि जाळी चिऱ्याला चिकटू न देता एकास तीन (सिमेंट आणि वाळू) प्रमाणाचा गिलावा दोन थरांत करून तो चौदा दिवस ओला ठेवावा. खाडीची खारी वाळू यात चालणार नाही. स्वस्त पडते म्हणून ती टाकली, की क्षारांनी जाळी गंजते आणि काही पावसाळ्यांत गिलावा फुगून सुटतो. उघडा जांभा झाकला जातो म्हणून मालक कुरकुरतात. त्यांना बाहेरचा पट्टा चिऱ्याच्या रंगात रंगवून द्यावा.

छपराचे काम सुताराचे. वासे वळईवर, म्हणजे भिंतीच्या माथ्यावरच्या आडव्या लाकडावर, नुसते टेकलेले असतात, ते पट्ट्या-बोल्टांनी जखडावेत आणि वाशांच्या पोटाला तिरक्या पट्ट्या मारून छपराला आडवी ताकद द्यावी.

मागच्या पडवीला लागून स्लॅबची नवी खोली काढायची असल्यास ती जुन्या भिंतीवर टेकवू नये, कारण कौलारू घर आणि स्लॅबची खोली वेगवेगळ्या लयीत हलतात आणि एकमेकांवर आपटतात. मधे किमान दोन इंचांची फट ठेवावी, आणि पाऊस आत येऊ नये म्हणून वर पत्रा बसवावा, पण तो एकाच बाजूला ठोकावा.