टीव्हीवरच्या चर्चेत बोलायला जाताय? या चुका टाळा

मराठी वृत्तवाहिन्यांवरच्या संध्याकाळच्या चर्चेसाठी पाहुण्यांना बहुतेकदा त्याच दिवशी दुपारी फोन येतो. गेस्ट कोऑर्डिनेटरला, म्हणजे पाहुणे जमवणाऱ्या वाहिनीच्या माणसाला, पॅनेल भरायचं असतं, म्हणून विषय दोन शब्दांत सांगितला जातो: ‘आरक्षणावर आहे’, ‘कांद्यावर आहे’. शिक्षक, डॉक्टर, वकील, शेतकरी संघटनेचे कार्यकर्ते लगेच हो म्हणतात आणि पुढची निम्मी गडबड तिथेच ठरून जाते. फोन ठेवण्याआधी विचारा: पडद्यावर प्रश्न नेमका कोणत्या शब्दांत जाणार, सोबत कोण आहे, चर्चा थेट आहे की रेकॉर्ड होणार, आणि माझ्या नावाखाली काय लिहिणार? हा शेवटचा प्रश्न किरकोळ नाही. तुम्ही फक्त कायदा समजावायला गेलात आणि खाली ‘आरक्षण समर्थक’ अशी पट्टी लागली, तर तुमचं प्रत्येक वाक्य प्रेक्षक एका गटाचं म्हणूनच ऐकणार. नाव आणि ओळख देवनागरीत टाइप करून आधीच व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा.

वेळेचा हिशोब न करणं ही त्यानंतरची चूक. केबल टीव्हीच्या नियमांत जाहिराती आणि वाहिनीच्या स्वतःच्या जाहिराती मिळून तासाला १२ मिनिटांची मर्यादा आहे. ती पाळली तरी उरतात ४८ मिनिटं. सुरुवातीचं पॅकेज (विषयावरची आधीच तयार केलेली चित्रफीत), अँकरचं निवेदन, प्रश्न, ब्रेकनंतरची उजळणी यांत पंधराएक मिनिटं जातात. सहा पाहुणे असले तर तुमच्या वाट्याला जेमतेम साडेपाच मिनिटं येतात, तीही तुकड्यातुकड्यांत. म्हणून एकेक मुद्दा ४० सेकंदांत, म्हणजे साधारण ८० शब्दांत बसवा आणि घड्याळ लावून मोठ्याने बोलून पाहा. आधी निष्कर्ष, मग कारण, वेळ उरला तर उदाहरण. पार्श्वभूमीपासून सुरुवात करणाऱ्यांचा निष्कर्ष ब्रेकमध्ये जातो. असे तीन मुद्दे पुरे होतात.

आकड्यांची सरमिसळ सगळ्यांत जास्त नुकसान करते, कारण समोरचा प्रवक्ता तुमचा एक चुकीचा आकडा धरून सगळी मांडणी उडवून लावतो. मराठा आरक्षणाचंच बघा. २०१८च्या कायद्यात १६ टक्के आरक्षण होतं. २०१९मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ते शिक्षणात १२ आणि नोकऱ्यांत १३ टक्क्यांच्या मर्यादेत ठेवायला सांगितलं. ५ मे २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते रद्द केलं. फेब्रुवारी २०२४चा १० टक्क्यांचा कायदा वेगळा. चर्चेत हे सगळं ‘ते आरक्षण’ या एका नावाखाली येतं आणि दोघं दोन वेगळ्या कायद्यांवर भांडत राहतात. कांद्याचंही तसंच: निर्यातबंदी मे २०२४मध्ये उठली, पण त्याच वेळी ४० टक्के निर्यातशुल्क लागू होतं. ते सप्टेंबरमध्ये २० टक्क्यांवर आलं आणि १ एप्रिल २०२५पासून संपलं. बंदी आणि शुल्क एकच समजून बोलू नका. लासलगावचा भाव क्विंटलचा असतो, मुंबईतल्या भाजीवाल्याचा किलोचा. तुलनेआधी दोन्ही एका मापात आणा. हातातल्या एका कार्डावर वर्ष, आकडा आणि तो कुठून घेतला एवढंच लिहा. पानंच्या पानं नेलीत तर त्यांची सळसळ लेपल माइक (कपड्याला लावलेला छोटा माइक) उचलतो.

घरून बोलत असाल तर खरी काळजी आवाजाची घ्या. चित्र थोडं फाटलं तरी प्रेक्षक थांबतो, आवाज फाटला की चॅनेल बदलतो. सर्रास होणारी चूक म्हणजे समोर टीव्ही चालू ठेवणं. प्रसारण काही सेकंद मागे असतं, तो आवाज तुमच्या माइकमधून परत जातो आणि स्टुडिओत प्रतिध्वनी घुमतो. टीव्ही बंदच करा, नुसता आवाज कमी करून भागत नाही, कारण मागे पडलेलं आपलंच चित्र बघून बोलण्याची लय जाते. फोन स्पीकरवर नको, वायरचे इअरफोन वापरा. ब्लूटूथमध्ये आवाज उशिरा पोचतो आणि ऐन वेळी बॅटरी संपते. ‘डू नॉट डिस्टर्ब’ लावा, नाहीतर साधा कॉल आला की व्हिडिओ अडकतो. फोन आडवा, डोळ्यांच्या उंचीवर, उजेड चेहऱ्यावर येईल असा ठेवा. पंखा बंद.

कानात स्वतःचाच आवाज उशिराने येऊ लागला तर जीभ अडखळते, शब्द लांबतात. दोष तुमचा नसतो: स्टुडिओकडून येणाऱ्या आवाजातून तुमचा आवाज वगळलेला नसतो. ‘मला माझाच आवाज परत येतोय, तो काढा’ असं चाचणीच्या वेळीच स्पष्ट सांगा. कार्यक्रम सुरू झाल्यावर हे घडलं, तर बोलताना इअरफोन कानातून काढा आणि बोलून झाल्यावर लगेच घाला.

आता गोंगाटाबद्दल. दोन माणसं एकाच वेळी बोलली की प्रेक्षकाला दोघांचंही कळत नाही. ज्या विषयावर लोकांना खरोखर माहिती हवी असते, तिथेच ही माहिती हरवते. याला नेहमी उर्मटपणा कारणीभूत असतो असं नाही. दूरवरच्या पाहुण्यापर्यंत आवाज अर्धा-एक सेकंद उशिरा पोचतो. त्याला शांतता ऐकू येते, तो सुरू करतो, तोवर स्टुडिओतलं कुणीतरी बोलू लागलेलं असतं. म्हणून अँकरने आधी नाव घ्यावं, मग प्रश्न विचारावा. पाहुण्याने हात वर करून थांबावं. कुणी मध्येच तोडलं तर आवाज चढवू नका. थांबा, ‘माझं वाक्य पूर्ण करू द्या’ एवढंच म्हणा आणि तेच वाक्य पहिल्यापासून बोला, कारण प्रेक्षकाने अर्धंच ऐकलेलं असतं. त्याने टाकलेल्या नव्या मुद्द्यामागे धावलात की तुमचा मुद्दा गेला.

लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणावर बोलताना पीडितेचं नाव तर नाहीच, पण गाव, शाळा, आईवडिलांचा व्यवसाय असं ओळख पटवणारं काहीही तोंडून जाऊ देऊ नका. भारतीय न्याय संहितेचं कलम ७२ आणि बालकांच्या बाबतीत पॉक्सो (बालकांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा कायदा) याचं कलम २३ यासाठीच आहे. पीडिता हयात नसली तरी नाव घेऊ नये, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८मध्ये बजावलं आहे. थेट प्रसारणात गेलेला शब्द परत घेता येत नाही. निर्मात्यांनीही पीडितेच्या घरातल्या माणसांना पक्षांच्या प्रवक्त्यांसोबत एका चौकटीत बसवू नये. त्यांच्याशी स्वतंत्र बोलावं.

तुमचं वाक्य तोडून दाखवलं किंवा चुकीच्या ओळखीने चालवलं, तर तक्रार आधी वाहिनीकडेच लेखी करावी लागते. वाहिनी न्यूज ब्रॉडकास्टिंग अँड डिजिटल स्टँडर्ड्स अथॉरिटी या वृत्तवाहिन्यांच्या स्वनियमन संस्थेच्या कक्षेत असेल तर प्रसारणापासून ७ दिवसांच्या आत करा. कार्यक्रमाचं नाव, तारीख, वेळ, दाखवलेलं वाक्य आणि तुम्ही प्रत्यक्ष बोललेलं वाक्य, सगळं त्यात लिहा. त्यासाठी बोलताना दुसऱ्या फोनवर स्वतःचं संपूर्ण रेकॉर्डिंग करून ठेवा.