थायरॉईडची गोळी: कशी घ्यायची, रक्त कधी तपासायचं

‘टीएसएच वाढला म्हणजे थायरॉईड वाढलं’ हा समज आधी डोक्यातून काढा. टीएसएच, म्हणजे थायरॉईडला चालना देणारा हार्मोन, गळ्यातल्या थायरॉईड ग्रंथीत तयारच होत नाही. तो मेंदूच्या तळाशी असलेली वाटाण्याएवढी पीयूषिका ग्रंथी सोडते. रक्तात थायरॉक्सिन (थायरॉईड ग्रंथी बनवते तो हार्मोन) कमी पडलं की ती टीएसएच वाढवून थायरॉईडला कामाला जुंपते, पुरेसं झालं की हात आखडता घेते. म्हणजे आकडा चढला, तर बहुधा थायरॉक्सिन कमी आहे. प्रौढांत साधारण ०.४ ते ४ mIU/L हे टीएसएचचं प्रमाण धरतात. लॅबनुसार थोडा फरक पडतो. (पीयूषिकाच बिघडली असेल तर टीएसएचवर विसंबता येत नाही, फ्री टी-४, म्हणजे रक्तातलं मोकळं थायरॉक्सिन, बघावा लागतो.)

कमी पडलेलं थायरॉक्सिन भरून काढणारी लेव्होथायरॉक्सिनची गोळी सकाळी उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर घ्या. पुढे अर्धा ते एक तास काही खाऊ नका, कॉफीसुद्धा नको. कॅल्शियम, लोह आणि अ‍ॅसिडिटीच्या काही गोळ्या लेव्होथायरॉक्सिनला आतड्यातच धरून ठेवतात, म्हणून त्या आणि ही गोळी यांच्यात चार तासांचं अंतर हवं. इथे हमखास फसवते ती मल्टिव्हिटॅमिनची गोळी, कारण तिच्यातही लोह-कॅल्शियम असू शकतं. गोळी रोज घेऊनही टीएसएच ९-१० वर अडकला असेल, तर डोस वाढवण्याआधी हे तपासा. सकाळ जमतच नसेल तर डॉक्टरांना विचारून रात्री, जेवणानंतर तीन तासांनी घेता येते.

या औषधाचं रक्तातलं प्रमाण निम्मं व्हायला सुमारे आठवडा लागतो. त्यामुळे एखादी गोळी चुकली तर घाबरायचं कारण नाही. मात्र डोस बदलल्यावर सहा ते आठ आठवडे थांबूनच तपासणी करा. पंधरा दिवसांत केलीत तर अर्ध्या वाटेवरचा आकडा मिळतो, त्यावरून डोस पुन्हा बदलला जातो आणि झोका सुरू होतो.

तपासणीच्या दिवशी आधी रक्त द्या, मग गोळी घ्या. केसांसाठी बायोटिन (एक ब-जीवनसत्त्व) घेत असाल तर डॉक्टरांना सांगून किमान दोन दिवस आधी थांबवा. काही यंत्रांवर त्यामुळे टीएसएच खोटा कमी आणि टी-४ खोटा जास्त दिसतो, आणि चांगला चाललेला डोस उगाच घटवला जातो.

धडधड, हातांना कंप, झोप उडणं ही डोस जास्त झाल्याची लक्षणं. वजन उतरवायला जादा गोळी घेणं तर निव्वळ आगाऊपणा: हृदयाचे ठोके अनियमित होतात, पुढे हाडंही ठिसूळ होतात.

गर्भधारणा कळली की पुढच्या ठरलेल्या तपासणीची वाट न बघता लगेच डॉक्टरांना कळवा. तेव्हा गरज बहुधा २५ ते ३० टक्क्यांनी वाढते, आणि सुरुवातीचे महिने बाळ आईच्याच थायरॉक्सिनवर असतं.