तिरफळ घालून खरं शेजवान, घरच्या घरी

नाक्यावरच्या चायनीज गाडीवर जे लाल शेजवान मिळतं ना, ते मी पण आवडीने खातो, पण त्यात शेजवानची मेन गोष्टच नसते. शेजवान म्हणजे चीनच्या नैऋत्येचा सिचुआन प्रांत, समुद्रापासून लांब, राजधानी छंगदू. तिकडच्या जेवणात तिखट तर असतंच पण सोबत जिभेला मुंग्या आणणारी सिचुआन मिरी असते, आणि ही मिरी आपल्या तिरफळाची सख्खी बहीण, दोघी झँथोझायलम या एकाच प्रजातीतल्या (genus). म्हणजे बांगड्याच्या तिखल्यात घालतो तेच वापरायचं! चव हुबेहूब येत नाही, तिरफळाचा वास जास्त उग्र असतो, म्हणून हात जरा आखडता ठेवा.

आधी तिरफळाचं बघू कारण इथेच सगळे गंडतात. सुकी तिरफळं घ्यायची, आतली काळी बी काढून टाकायची, ती नुसती कचकच लागते, चव सगळी सालीत. मग साल मंद आचेवर जेमतेम वास सुटेपर्यंत भाजायची (जळली की कडू, मग फेकूनच द्यायची) आणि खलबत्त्यात भरड कुटायची.

आता डिश, मिरचीच्या लाल पाण्यात शिजवलेला मासा. तिकडे बऱ्याचदा गवत्या मासा (ग्रास कार्प) वापरतात, आपल्याकडे शेततळ्यात असतो तोच, त्यामुळे जून-जुलैच्या मासेमारी बंदीत पण करता येते. एरवी जिताडा किंवा रावस मस्त. कोळणीकडून अर्धा किलो बोनलेस करून घ्या, डोकं आणि काटा सोडू नका. पातळ तुकड्या करून मीठ, एका अंड्याचा पांढरा भाग आणि चमचाभर कॉर्नफ्लॉवर चोळून १५-२० मिनिटं ठेवा, याने मासा मऊ राहतो आणि सुटत नाही.

डोकं-काटा आलं घालून उकळा, ३ कप पाणी गाळून घ्या. कढईत शेंगदाणा तेल (खोबरेल नको, त्याचा वास सगळ्यावर बसतो), त्यात दोन चमचे दोउबानजियांग म्हणजे बाकल्याच्या शेंगांचे दाणे आणि मिरची आंबवून केलेली पेस्ट, ऑनलाइन मिळते, तेल लाल होईपर्यंत परता. नसेल तर ब्याडगी वाटून थोडा सोया सॉस घाला, चालेल पण आंबवलेली चव येणार नाही. आलं-लसूण, मग ते पाणी. उकळी आली की कोबी आणि मोड आलेले मूग शिजवून भांड्यात काढा, मग आच कमी करून तुकड्या एकेक सोडा, दोन मिनिटं पुरे, ढवळू नका. सगळं त्या भाज्यांवर ओता.

वरून सुक्या मिरचीचे तुकडे, बारीक चिरलेला लसूण, अर्धा छोटा चमचा तिरफळ पसरा आणि चार-पाच चमचे तेल धूर येईपर्यंत तापवून थेट त्यावर सोडा. चर्र झालं पाहिजे, नाही झालं तर तेल गारच होतं.

छंगदूचा प्रसिद्ध मापो टोफू पण याच पेस्टवर होतो, माशाऐवजी टोफू आणि थोडा खिमा, तिरफळ शेवटी वरून.

आणि हो, हे लाल पाणी रश्श्यासारखं भातावर ओतून घेऊ नका, तिकडे पण मासा-भाजी उचलून भाताशी खातात. उरलं तर वरचं तेल काढून ठेवा, सकाळी अंड्याच्या भुर्जीत घाला.