ख्रिस्त देव की माणूस? सुरुवातीच्या चर्चमधले वाद वाचताना या चुका टाळा

ख्रिस्ताच्या स्वरूपावरून सुरुवातीच्या चर्चमध्ये पेटलेल्या वादाची ठिणगी 318 च्या सुमारास अलेक्झांड्रियात पडली आणि 451 च्या कॅल्सिडन परिषदेनंतरही ती आग विझली नाही. मी हा विषय संध्याकाळच्या अभ्यासवर्गात शिकवते. येणारे लोक हुशार असतात, मनापासून येतात, आणि तरी दर नव्या तुकडीत त्याच चुका त्याच क्रमाने समोर येतात. बहुतेकांनी येण्याआधी एखादा वीस मिनिटांचा व्हिडिओ पाहिलेला असतो. कोण जिंकलं आणि कोण पाखंडी ठरलं हे त्यातून आधीच कळलेलं असतं. मग ती माणसं नेमकं काय म्हणत होती हे ऐकायची कुणाला गरजच वाटत नाही.

"नायसियाला मतदान झालं आणि येशूला देव केलं"

हे वाक्य कानावर पडलं की मी ठरलेला धडा बाजूला ठेवते आणि आधी याचा निकाल लावते. 325 मध्ये सम्राट कॉन्स्टंटाइनने नायसियाला, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातल्या इझनिकला, बिशपांची परिषद बोलावली हे खरं. पण 'येशू देव आहे की नुसता माणूस' असा प्रश्न तिथे कुणी मांडलाच नव्हता. त्याच्या दोनशे वर्षं आधी, 112 च्या सुमारास, बिथिनियाचा रोमन सुभेदार प्लिनी सम्राट ट्राजनला कळवतो की हे ख्रिस्ती लोक ठरलेल्या दिवशी उजाडायच्या आत जमतात आणि ख्रिस्ताला देव मानून त्याची स्तोत्रं म्हणतात. नायसिया याच बिथिनियातलं. म्हणजे जिथे येशूला 'देव केलं' म्हणतात, त्याच मुलुखात पणजोबांच्या पणजोबांपासून त्याची भक्ती चालू होती.

ज्याच्या शिकवणीवरून हा वाद पेटला तो खुद्द एरियसही येशूला साधा माणूस मानत नव्हता. तो अलेक्झांड्रियातला प्रेस्बिटर, म्हणजे धर्मगुरू, बिशप अलेक्झांडरच्या हाताखालचा. पुत्र, म्हणजे ख्रिस्त, सगळ्या युगांच्या आधीचा आहे, सृष्टी त्याच्याच हातून घडली, हे एरियसला मान्य होतं. त्याला देव म्हणायलाही त्याची हरकत नव्हती. पण पित्याला आरंभ नाही आणि पुत्राला आहे, पुत्र कितीही उंच असला तरी निर्माण केलेला आहे, यावर तो अडला. पुढे अलेक्झांड्रियाचा बिशप झालेल्या अथानेशियसने आयुष्यभर याला एकच उत्तर दिलं: जो स्वतः निर्माण झाला, तो बाकीच्या निर्माण झालेल्यांना देवाशी कसा जोडणार? भांडण तारणाचं होतं. माणसाला वाचवायला खाली आलं ते कोण, स्वतः देव की देवाने पाठवलेला कुणी थोर सेवक? हे ज्याला उमगलं त्याला पुढची सव्वाशे वर्षं समजतात. आणि एवढं समजून घ्यायचा ज्याला धीर नाही त्याने नायसियावर बोलूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

'325 ला प्रश्न मिटला' हे याच चुकीचं धाकटं भावंड. परिषदेने मंजूर केलेल्या श्रद्धासूत्रावर शेवटपर्यंत सही नाकारणारे बिशप दोनच उरले, लिबियाकडचे थिओनास आणि सेकुंडस. त्यांना एरियसबरोबर हद्दपार केलं गेलं. पण सही केलेल्यांपैकी कितीतरी जण त्यातल्या 'पित्याशी एकतत्त्व' या शब्दावर मनातून अडखळलेले होते. सीझरियाच्या युसेबियसने तर आपण तो शब्द का मान्य केला याचा खुलासा करणारं पत्र लगेच आपल्या मंडळीला धाडलं. निकोमिडियाचा युसेबियस हद्दपार झाला आणि दोन-तीन वर्षांत परतलाही. 337 मध्ये मरणशय्येवरच्या कॉन्स्टंटाइनला बाप्तिस्मा दिला तो यानेच, एरियसच्या पाठीराख्याने. उलट नायसियाची बाजू धरून बसलेला अथानेशियस बिशप झाल्यावर पाच वेळा हद्दपार झाला. 359 मध्ये कॉन्स्टंटाइनचा मुलगा, सम्राट कॉन्स्टँशियसने पश्चिमेकडच्या बिशपांना रिमिनीला आणि पूर्वेकडच्यांना आशिया मायनरमधल्या सेल्युकियाला जमवलं आणि 'तत्त्व' हा शब्दच वगळणारं सूत्र त्यांच्या गळी उतरवलं. जेरोमने नंतर लिहिलं की सारं जग कण्हलं आणि आपण एरियन झालो हे पाहून थक्क झालं. 381 मध्ये कॉन्स्टँटिनोपलची परिषद भरेपर्यंत वारं कुठल्या बाजूला फिरेल याचा कुणालाच भरवसा नव्हता.

रविवारच्या मिस्सेत आपण म्हणतो तो नायसियाचा मतांगिकार, म्हणजे श्रद्धासूत्र, हाही 381 च्या परिषदेचा म्हणून ओळखला जाणारा मजकूर आहे. 325 च्या मजकुरात पवित्र आत्म्यावर आपला विश्वास आहे एवढीच एक ओळ होती आणि शेवटी एरियसच्या मतांना शाप होता. म्हणून मी दोन्ही मजकूर वहीच्या समोरासमोरच्या पानांवर हाताने उतरवून काढायला लावते. झेरॉक्स चालत नाही, मोबाइलवरचा फोटो तर नाहीच. शाप कुठे गळला आणि आत्म्याचा परिच्छेद कुठे वाढला हे लिहिणाऱ्या हाताला कळतं, नुसत्या डोळ्याला कळत नाही.

नेस्टोरियसच्या नावाचा शिक्का

एका कॉलेजातल्या चर्चासत्रात एका विद्यार्थ्याने भारतातल्या जुन्या ख्रिस्ती समाजांवर निबंध वाचला. पडद्यावर इंटरनेटवरून घेतलेला तक्ता होता: पाखंडाचं नाव, संस्थापक, साल, आणि शेवटच्या रकान्यात एका ओळीत 'चूक'. नेस्टोरियसच्या ओळीत लिहिलं होतं की त्याने 431 मध्ये पंथ काढला, ख्रिस्तात दोन व्यक्ती मानल्या, पंथ पर्शियातून भारतात आला आणि नामशेष झाला. वाचन संपल्यावर मागच्या रांगेतले एक वयस्क गृहस्थ उठले. मूळचे त्रिशूरचे, नोकरीत सारी हयात मुंबईत गेलेली, मराठी अगदी स्वच्छ. ते म्हणाले, "बाळा, तुझ्या त्या नामशेष पंथातला मी. त्रिशूरला आलास तर आमच्या चर्चमध्ये ये. नेस्टोरियसना आम्ही आमच्या आचार्यांमध्ये मानतो, त्यांच्या नावाचा उपासनाविधीही आमच्याकडे आहे. पण आमचं चर्च त्यांनी काढलेलं नाही, ते आमचे बिशपही कधी नव्हते. आणि ख्रिस्त म्हणजे दोन जण, असं मला लहानपणापासून कुणीही शिकवलेलं नाही." विद्यार्थ्याला काय बोलावं सुचेना. अध्यक्षांनी चहाची सुट्टी जाहीर केली. त्या मुलाने कष्ट घेतले होते, त्याचा मला राग आला नाही. ज्याने तो तक्ता बनवून लोकांच्या हाती दिला, त्याचा मात्र अजून येतो.

घडलं ते असं. पर्शियन साम्राज्यातल्या ख्रिस्ती मंडळींनी 410 मध्ये सेल्युकिया-तेसिफोनला स्वतःची परिषद भरवली आणि 424 मध्ये आपल्यावर पश्चिमेकडच्या बिशपांचा अधिकार नाही असं ठरवलं. नेस्टोरियसचा निवाडा झाला तो त्यानंतर सात वर्षांनी, दुसऱ्या, म्हणजे रोमन साम्राज्यात. या पर्शियन चर्चची विचारसरणी मुख्यतः मोप्सुएस्तियाचा बिशप थिओडोर याची, आणि तो 428 मध्येच वारला होता. सहाव्या शतकातला प्रवासी कॉस्मस 'कल्लियाना' बंदरात पर्शियातून नेमलेला बिशप असल्याचं लिहून गेला आहे आणि अनेक अभ्यासक ते आपलं कल्याण मानतात. त्या कल्याणच्या बिशपालाही लोक सर्रास 'नेस्टोरियन' म्हणून मोकळे होतात.

आता खुद्द नेस्टोरियस. 428 मध्ये तो कॉन्स्टँटिनोपलचा बिशप झाला. मरियेला 'देवाची माता' म्हणण्याबद्दल त्याने शंका काढली, कारण त्यातून देवपणाचाच आरंभ तिच्यापासून झाला असा अर्थ निघेल अशी त्याला भीती होती. 'ख्रिस्ताची माता' म्हणा, असं त्याने सुचवलं. अलेक्झांड्रियाचा बिशप सिरिल याला यात मोठा धोका दिसला: मरियेच्या पोटी जन्मला तो स्वतः देवाचा शब्द, म्हणजे पुत्र, नसेल, तर क्रुसावर मेला तो कोण? सिरिलचा प्रश्न खोल होता आणि तो बरोबर होता असं मीही मानते. पण 431 मध्ये इफिससला त्याने जे केलं त्याचं समर्थन मला करता येत नाही. अँटिऑकचा जॉन आणि त्याचे बिशप अजून वाटेत होते, सम्राटाचा अधिकारी विरोध करत होता, तरी 22 जूनला सिरिलने परिषद सुरू केली आणि त्याच दिवशी नेस्टोरियसला पदावरून काढलं. चार दिवसांनी जॉन पोचला आणि त्याने वेगळी बैठक घेऊन सिरिललाच पदच्युत ठरवलं. सम्राटाने सिरिल आणि नेस्टोरियस दोघांनाही नजरकैदेत टाकलं. नेस्टोरियसची रवानगी शेवटी इजिप्तच्या वाळवंटात झाली. तिथे त्याने लिहिलेला बचाव सिरियाक भाषांतरात टिकून राहिला आणि 1910 मध्ये छापला गेला. त्यात तो रोमचा बिशप लिओ याचं ख्रिस्ताच्या स्वरूपावरचं पत्र वाचून म्हणतो की हेच तर मी म्हणत होतो. 'दोन पुत्र' मानल्याचा आरोप तो पुन्हापुन्हा नाकारतो. तो पटो न पटो, त्याला त्याच्या शब्दांत ऐकल्याशिवाय निवाडा देऊ नये.

माझ्या वर्गात पाखंडांचा तक्ता आणायला बंदी आहे. मी आधी सिरिलचं नेस्टोरियसला लिहिलेलं दुसरं पत्र आणि नेस्टोरियसचं उत्तर वाचायला देते, तेही मोठ्याने. दोघांची मिळून पानं मोजकीच आहेत. तेवढा वेळ नसेल तर हा विषय सध्या बाजूला ठेवलेला बरा.

चुका लहान, पण सुटता सुटत नाहीत

नायसियाला बायबलमधली पुस्तकं ठरली, हे साफ चूक. परिषदेचे वीस नियम उपलब्ध आहेत आणि त्यात पुस्तकांची यादी नाही. नव्या करारातल्या सत्तावीस पुस्तकांची आजची यादी अथानेशियसच्या 367 च्या पत्रात सापडते.

संत निकोलसने एरियसच्या थोबाडीत मारली ही गोष्ट कित्येक शतकांनंतरची दंतकथा आहे. इतिहासाच्या निबंधात ती नको.

'एका अक्षरासाठी भांडले' असं म्हणणाऱ्यांनी लक्षात ठेवावं की 'एकतत्त्व' विरुद्ध 'समतत्त्व' (सारखं तत्त्व) ही ग्रीकमध्ये एकाच अक्षराचा फरक असलेली जोडी 325 ला मैदानातच नव्हती. ती 350 च्या दशकातली. आणि 'समतत्त्व' म्हणणाऱ्यांना अथानेशियसने शत्रू मानलं नाही, भाऊ म्हटलं.

कॉप्टिक, आर्मेनियन, इथिओपियन आणि सिरियन ऑर्थोडॉक्स मंडळींना कॉन्स्टँटिनोपलचा मठाधिपती युटिकेस याचे अनुयायी म्हणू नका. ख्रिस्ताचं माणूसपण देवपणात विरून गेलं हे युटिकेसच्या नावावर मांडलं जाणारं मत तेही नाकारतात. 'देवाच्या शब्दाचा देहधारी झालेला एक स्वभाव' या सिरिलच्या जुन्या सूत्राला ते धरून आहेत.

अपोलिनेरिसला वगळून पुढे जाऊ नका. नायसियाचा कट्टर समर्थक असलेल्या या माणसाने ख्रिस्तात मानवी बुद्धीच्या जागी देवाचा शब्द आहे असं सांगितलं. नाझियानझसच्या ग्रेगरीने त्याला उत्तर दिलं: जे धारण केलं नाही, ते बरं झालं नाही. आपल्यात सगळ्यात बिघडलेली आहे ती बुद्धीच, ती ख्रिस्ताने घेतली नसेल तर आपल्या हाती काय लागलं? चौथ्या शतकातलं एकच वाक्य पाठ करायचं असेल तर हे करा.

शेवटची चूक म्हणजे कॅल्सिडनचं सूत्र सगळ्यांना खूश करण्यासाठी घाईत शिवलेली गोधडी समजणं. तिथल्या बिशपांना नवीन सूत्र लिहायचंच नव्हतं. सम्राट मार्सियनच्या अधिकाऱ्यांनी लावून धरलं म्हणून ते लिहिलं गेलं. लिओचं पत्र वाचल्यावर इलिरिया आणि पॅलेस्टाइनचे बिशप काही वाक्यांवर अडले, तेव्हा त्यांना सिरिलच्या पत्रांशी ते ताडून पाहायला पाच दिवस दिले गेले. 22 ऑक्टोबरला मांडलेला मसुदा बहुतेकांना पसंत होता, पण रोमच्या प्रतिनिधींनी परत जायची तयारी दाखवली. मग निवडक बिशप संत युफेमियाच्या चर्चमधल्या एका दालनात बसले आणि ख्रिस्त देवाच्या आणि माणसाच्या अशा 'दोन स्वभावांत' ओळखला जातो, असा मजकूर घेऊन बाहेर आले. 'दोन स्वभावांपासून' एवढंच म्हटलं असतं, म्हणजे एक झाल्यावरही स्वभाव दोनच राहतात हे सांगितलं नसतं, तर ते अलेक्झांड्रियाचा बिशप डायोस्कोरस यानेही मान्य केलं असतं. अधिकाऱ्यांनी ही अडचण सभेत उघड बोलून दाखवली होती. या बैठकांची इतिवृत्तं टिकली आहेत. सूत्र पाठ करण्याआधी निदान 22 ऑक्टोबरचं इतिवृत्त पहिल्या ओळीपासून शेवटच्या आरोळीपर्यंत वाचा.